आर्मेनियन ‘नुर्र’ कसा चालवावा : बेळगावच्या जिज्ञासूंसाठी

अथणीकडचे डाळिंब खाणाऱ्या आणि मराठीबरोबर कन्नडही कानावर पडणाऱ्या वाचकाला डाळिंबाचा आर्मेनियन शब्द शिकणे तुलनेने सोपे जावे. शब्द आहे ‘नुर्र’. आर्मेनियनमध्ये र दोन असून येथे जिभेचे टोक थरथरवणारा जाड र हवा.

प्रथम जुने रूप ध्यानात ठेवावे. इ. स. 405 च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी लिपी घडवल्यानंतरच्या ग्रंथभाषेत हा शब्द ‘नुर्रन्’ असा येतो आणि त्याचे नाते प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कादी ‘नुर्मू’शी जोडले जाते. आज उच्चारातून गळलेला हा न् रूपे चालवताना परत येतो, म्हणून तो विसरू नये.

षष्ठी करताना ‘कापूस’चे ‘कापसाचा’ होते तसा मधला उ गाळावा, म्हणजे ‘न्र्रान’ मिळते; डाळिंबाची वाइन ती ‘न्र्रान गिनी’. अनेकवचनात एकाक्षरी शब्दांना सहसा ‘एर’ लागतो, परंतु त्या जुन्या न् मुळे येथे ‘न्र्रनेर’ म्हणावे. लिंगाची चिंता नको, कारण आर्मेनियन नामांना ते नसतेच.

संख्येनंतर मात्र मराठी सवय आवरावी. आपण ‘पाच डाळिंबे’ म्हणतो, पण तेथे ‘हिंग नुर्र’ असे एकवचनच चालते. बाजारातले कन्नड ‘ऐदु दाळिंबे’ आठवल्यास ही रचना मुळीच परकी वाटणार नाही.