कुठलं काम द्यायचं, कुठलं ठेवायचं: आमच्या इंदूरच्या घरातली वाटणी

कामाला बाई लावायची म्हटलं की घरात पहिली चर्चा पैशाची निघते. भांड्यांचे किती, झाडू-पोछ्याचे किती. मी एका पतसंस्थेत हिशेब सांभाळते, त्यामुळे पैशाकडे दुर्लक्ष करा असं मी कधीच सांगणार नाही. पण पैसा थोडा मागे ठेवा आणि आधी प्रत्येक काम उलगडून बघा. कुठल्याही घरकामात एक वाटा हातांचा असतो: घासणं, पुसणं, लाटणं, उचलणं. दुसरा वाटा लक्षाचा: काय संपत आलंय, कोणाला काय चालत नाही, कुठली गोळी कधी द्यायची. हात पगार देऊन मिळतात. लक्ष सहसा मिळत नाही, आणि ते कोणाकडून हवं असेल तर त्याचा पगार वेगळा धरायला हवा. हातांचं काम जास्त असेल तर द्या, लक्षाचं जास्त असेल तर ठेवा, आणि दोन्ही असेल तर ते काम तोडून अर्धं द्या. आमच्या घरात वाटणी याच रीतीने चालते. सुदामा नगरात स्वतंत्र घर, खाली हौद, गच्चीवर टाकी, सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, आम्ही दोघं नोकरीवाले आणि मुलगा कॉलेजात.

सुरुवात वहीने करा. आठवडाभर स्वयंपाकघरात एक वही टांगून ठेवा आणि जो जे काम करेल त्याने ते लिहायचं, मिनिटांसकट. बाहेरचं माणूस लावायच्या आधी हे करायचं कारण असं, की पुष्कळदा काम जास्त नसतं, ते एकाच माणसावर पडलेलं असतं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी 299 मिनिटं निघाला आणि पुरुषांचा 97. शिवाय एकूण पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारेच मुळात चौथा हिस्सा होते. आमच्या वहीत वेगळं काही दिसलं नाही. मग बाहेर काही देण्याआधी कपडे वाळत घालणं, घड्या करणं आणि प्रेसवाल्याकडे नेणं हे मुलाकडे गेलं, आणि पाण्याचं सगळं यांच्याकडे. वाटणीची ही पायरी गाळली तर बाई लावूनही घरातल्या बाईचं काम तेवढंच राहतं, कारण बाईवर देखरेख करणंही तिच्याच गळ्यात पडतं.

भांडी हे निव्वळ हातांचं काम, आणि रोज दोन वेळचं. एका वेळेला चाळीस मिनिटं धरली तर दिवसाला ऐंशी, महिन्याला 40 तास. एवढा वेळ मोकळा होत असेल तर भांडी सर्वात आधी द्या. यातून फक्त लोखंडी तवा, कढई आणि देवाची पितळी उपकरणी वगळा. लोखंड ओलं राहिलं की तासाभरात गंज धरतं आणि सहा घरी जाणाऱ्या बाईला तवा कोरडा करून तेलाचा हात लावत बसायला वेळ नसतो. तो दोष तिचा नाही. झाडू-पोछाही द्या, पण रात्रीचा ओटा घरच्यानेच पुसावा. झुरळं सकाळपर्यंत थांबत नाहीत.

स्वयंपाक मात्र अख्खा देऊ नका, तोडा. पोळ्या द्या. पोळी किती जाड, तूप किती, एकदा सांगितलं की रोज तशीच होते. भाजी-आमटीचं तसं नाही. सासूबाईंना मीठ कमी, मुलाला डब्यात रस्सा नको, काल काय झालं, फ्रिजमध्ये काय उरलंय, हे सगळं फोडणी टाकणाऱ्याच्या डोक्यात असावं लागतं. आमच्याकडे पोळीवाल्या ताई सकाळी येतात, कणीक आदल्या रात्री मापून परातीत काढलेली असते, त्या मळतात, लाटतात, भाजतात आणि जातात. तोवर दुसऱ्या शेगडीवर माझी भाजी होते. संपूर्ण स्वयंपाकाला बाई ठेवून रोज तिच्यामागे उभं राहणाऱ्या मैत्रिणी मी बघते. त्यांचे पैसेही जातात आणि वेळही.

माळव्यात राहून वर्षाचा गहू भरणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण हे काम तोडायला सर्वात चांगलं आहे आणि हल्ली कंटाळून सोडून दिलं जातंय. चौघांच्या घरात दिवसाला पाऊण किलो कणीक धरली तर वर्षाला साधारण पावणेतीन क्विंटल गहू लागतो. होळीनंतर छावणीच्या आणि लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत नवा माल दिसायला लागतो. निवड स्वतः करा. ते पूर्ण लक्षाचं काम आहे. शरबती घ्या की लोकवन, आधी दोनच किलो आणा, दळून पोळ्या करा आणि त्या दुपारी डब्यातून गार झाल्यावर खा. गरम पोळी कुठल्याही गव्हाची बरी लागते. पसंत पडला तरच क्विंटल सांगा. दाणा दाताखाली धरला तर कट्‌ करून तुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे, तो कोठीत टिकणार नाही. निवडणं, चाळणं, कट्टे म्हणजे पोती गच्चीवर चढवणं हे सगळं द्या. निवडणाऱ्या बायका कट्ट्यावर पैसे घेतात. नाहीतर थोडे जास्त देऊन मशीनने साफ केलेला घ्या, मग घरी वरवर चाळला तरी पुरतो. ऊन दिल्यावर तो गार होऊ द्या, गरम भरला तर आत घाम धरतो. तळहाताला जेमतेम लागेल एवढं एरंडेल घेऊन गहू चोळणं किंवा सुकलेला कडुनिंबाचा पाला घालणं घरच्यांनी करावं. आणि कोणी कितीही खात्री दिली तरी धान्यातली कीड मारणारी सल्फासची गोळी घरात आणू नका. त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि लागूनच्या खोलीत झोपलेलं माणूस त्याने दगावतं.

पापड, कुरडया, तिखट-मसाला याला मी वेळ घालवत नाही. मसाल्याचं सामान घरून भाजून न्यायचं, चक्कीवर समोर उभं राहून कुटून आणायचं. चकलीची भाजणी तेवढी मी भाजते.

पाण्याचं बघा. 1978 मध्ये नर्मदा इंदुरात आली. नदीकाठच्या जलूदहून सत्तरएक किलोमीटर, घाट चढवून. आजही बहुतेक वस्त्यांत ते पाणी दिवसाआड आणि ठरलेल्या वेळी मिळतं. हौद भरणं, मोटर लावणं, टाकी वाहायच्या आत बंद करणं यात हातांचं काम शून्य, नुसतं लक्ष. अशा कामाला माणूस लावण्यापेक्षा वस्तू लावा. हौदाच्या नळाला भरलं की पाणी थांबवणारा बॉलकॉक, वरच्या टाकीला आपोआप मोटर बंद करणारा सेन्सर. बाईकडे द्यायचं की स्वतः करायचं, या दोनांपलीकडचा हा तिसरा मार्ग बरेच जण विसरतात.

टाकी धुणं वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा संपल्यावर. गच्चीवरची टाकी घरातलं तरुण माणूस धुऊ शकतं. जमिनीखालचा हौद मात्र सवयीच्या लोकांकडून धुऊन घ्या, आणि झाकण बराच वेळ उघडं ठेवल्याशिवाय, वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कोणालाही आत उतरू देऊ नका. सेप्टिक टँकचा तर प्रश्नच नाही. तिथे सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पंपाचा टँकर बोलवायचा. "दोनशे जास्त द्या, मी उतरतो" म्हणणारा भेटला तर त्याला परत पाठवायचं. यात माझ्याकडून तडजोड होणार नाही आणि तुमच्याकडूनही होऊ नये.

चूक झाली तर जीव जाईल, असं काम जाणकाराकडेच जावं, मग ते दहा मिनिटांचं का असेना. गीझर, अर्थिंग, एसीचा गॅस, स्टुलावर न पुरणाऱ्या उंचीवरचं सगळं यात आलं. एसीची जाळी धुणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी बघणं घरी होतं. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर छापलेली तारीख आजच बघून घ्या.

संडास-बाथरूम आमच्याकडे ज्याचं त्याने धुवायचं. हा माझा ठाम विचार आहे. बाईला द्यायचंच असेल तर ते वेगळं काम म्हणून आधी विचारा, त्याचा वेगळा पगार ठरवा, हातमोजे द्या. पोछ्याच्या पैशात ते हळूच सरकवू नका. आणि तेजाब म्हणजे ॲसिड व ब्लीचिंग एकत्र होऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात वाकून घासणाऱ्याच्या थेट छातीत तो जातो. आम्ही घरात या दोनांपैकी एकच वस्तू ठेवतो.

कचऱ्याबद्दल इंदूरकरांना काय सांगायचं असं वाटेल, पण वाटणीचा घोटाळा इथेही होतो. सकाळी गाडी गाणं वाजवत येते, तिच्यात ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे वेगळे कप्पे असतात. ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टनांची होती, आणि तिथे त्यातून सीएनजी बनतो. त्यात दुधाची पिशवी मिसळली की पुढे कोणाला तरी ती हाताने काढावी लागते. गाडीपर्यंत डबा नेणं कोणीही करेल. वेगळं करणं मात्र कचरा ज्याच्या हातून पडतो त्यानेच, त्याच क्षणी करायचं असतं. ते नंतर बाईने निवडावं अशी अपेक्षा ठेवू नका.

दिवाळीच्या सफाईत जाळ्या, पंखे, खिडक्या, गाद्या उचलणं द्या. माळ्यावरचं सामान स्वतः उतरवा. अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, काय द्यायचं आणि काय ठेवायचं, ते दुसरं कोणी ठरवू शकत नाही.

सर्वात अवघड वाटणी म्हाताऱ्या माणसांची. सासूबाईंना उठवणं, अंघोळ घालणं यासाठी आम्ही सकाळी दोन तास एक ताई ठेवल्या आहेत. उचलण्याची रीत त्यांना येते, मला येत नव्हती, आणि चुकीचं उचललं तर दोघींची कंबर जाते. सुरुवातीला सासूबाईंना परक्या बाईकडून अंघोळ नको होती, म्हणून पंधराएक दिवस मी नुसती शेजारी उभी राहिले. गोळ्यांचा डबा आठवड्याचा मी भरते, संध्याकाळचा बीपी मुलगा मोजून लिहितो. नखं कापणं, वेणी घालणं, शेजारी बसणं हेही आम्ही दिलेलं नाही. वेळ लागतो, पण तिथेच त्या बोलतात, आणि काय दुखतंय ते तिथेच कळतं.

आता पैसा. कॉलनीतला भाव चार घरी विचारा, मग तो तासांवर भागून बघा. भांड्यांच्या 40 तासांना महिन्याचे जे देता त्याला चाळीसने भागा. येणारा आकडा मोठ्याने वाचायला संकोच वाटला तर पगार वाढवा. कामाची नावं कागदावर लिहून फ्रिजला लावा, दोघींनी वाचून. "भाभी, इतनाही बोला था ना?" असं विचारायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. "जरा एवढं करून टाक" यातूनच संबंध बिघडतात. जास्तीचं काम निघालं तर त्याचे जास्तीचे पैसे त्याच दिवशी द्या. आपण गावाला गेलो तरी पगार कापायचा नाही, सुट्टी आपण घेतली, त्यांनी नाही. चौदा वर्षांखालची मुलगी आईच्या ऐवजी भांडी घासायला आली तर तिला घरी पाठवा. मुलांना घरकामाला ठेवण्यावर 2006 पासून बंदी आहे. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी आधार कार्डावर होते, फोनवरून तुम्हीच करून द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. बँकेत खातं असलं की झालं. तो हप्ता आपण भरावा.

आठवड्याची एक सुट्टी पहिल्याच दिवशी ठरवून टाका, आणि त्या दिवशी घरात कोण काय करणार तेही त्याच कागदावर लिहा. आमच्याकडे रविवारी भांडी यांची, पोछा मुलाचा, पोळ्या माझ्या. रात्री खिचडी.