आपत्ती व्यवस्थापनाला प्रवेश घेण्याआधी

निकालाचे दिवस आले की दोन-तीन जण तरी विचारतात, "ताई, आपत्ती व्यवस्थापन केलं तर एनडीआरएफमध्ये लागता येईल ना?" तर आधी तेच सांगून टाकते: नाही. एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान बीएसएफ, सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. आपल्या पदवीचा तिथे उपयोग नाही. पाण्यात उडी घ्यायची, आगीत शिरायचं अशी हौस असेल तर अग्निशामक दलाची किंवा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची भरती बघा. कामही चांगलं आहे, मानही आहे.

विद्यापीठात शिकवतात ते निराळं. अपघाताच्या जागी पोलीस, अग्निशामक, १०८, वीज खातं, पंचायत, पत्रकार आणि बघे असे सगळे एकदम पोचले की कुणी कुणाचं ऐकायचं, गाड्या कुठे उभ्या करायच्या, जखमींची यादी कुणाकडे असायची, हे शिकवतात. थोडक्यात, बराचसा कारकुनी विषय आहे. मला तो त्यामुळेच आवडला, पण सगळ्यांना आवडेल असं नाही.

पहिली सहामाही रूक्ष जाते. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीचा २०१५ ते २०३० चा आंतरराष्ट्रीय सेंदाई आराखडा, धोका आणि असुरक्षितता यांची गणितं. कायदा मात्र मन लावून वाचा. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी, एवढं पाठ करून भागत नाही. रात्री दोन वाजता प्रत्यक्षात फोन मामलेदाराला जातो आणि त्याच्या हातात नेमके कोणते अधिकार असतात, हे बघायचं असतं. त्याला जोडून एनडीएमएने, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने, २०१० मध्ये काढलेली घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं येतात. मूळ कल्पना कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या दशकातल्या वणव्यांनंतरची. एक घटना प्रमुख, त्याच्या हाताखाली कृती, नियोजन आणि रसद असे तीन विभाग, आणि एका माणसाने साधारण पाचच जणांकडून काम करून घ्यायचं. वाचताना वाटतं, यात काय एवढं? वर्गात सराव घेतला की कळतं.

आमच्या सरावाला विषय होता अमोनियाचा टँकर. जानेवारी २०१८ मध्ये गोव्यात वास्कोकडच्या चिखलीजवळ असा टँकर उलटून वायुगळती झाली होती, म्हणून सरांनी तोच भाग निवडला. टेबलावर नकाशा आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी: तू पोलीस, तू आरोग्य, तू सरपंच. पहिली दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. मग सरांनी विचारलं, "वारा कुठून येतोय?" ते कुणीच बघितलं नव्हतं. आम्ही रुग्णवाहिका उभ्या केल्या होत्या नेमक्या वारा वायू घेऊन जाईल त्याच बाजूला. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणजे वर उडून जाईल, असं आमच्यातल्या विज्ञानवाल्यांचं म्हणणं. पण टँकरमधला अमोनिया दाबाखाली द्रवरूपात असतो. फुटला की अतिथंड पांढरा ढग होऊन जमिनीलगत सरकतो आणि सखल भागातल्या घरांत शिरतो. पाण्यात तो चटकन विरघळतो, म्हणून ढगावर पाण्याचा फवारा धरतात, मात्र साचलेल्या द्रवावर पाणी मारलं तर वाफ आणखी वाढते. त्या दिवसापासून टँकरच्या मागची पाटी वाचायची मला सवयच लागली: १००५ म्हणजे अमोनिया, १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी. वेर्णा-वास्को रस्त्यावर बसमध्ये वेळ बरा जातो.

जखमींची वर्गवारी हा दुसरा भाग, आणि सगळ्यात जड. स्टार्ट नावाच्या झटपट वर्गवारीच्या पद्धतीत एका माणसापाशी अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त थांबायचं नसतं. चालता येतंय त्याला हिरवी चिठ्ठी. श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांपेक्षा जास्त, किंवा साधी सूचना कळत नाही, तर लाल, म्हणजे सर्वांत आधी हलवायचं. बाकीचे पिवळे. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल तर काळी चिठ्ठी लावून पुढे जायचं. 'पुढे जायचं' हे कागदावर सोपं आहे. आमच्या बरोबरची एक मुलगी, पेशाने परिचारिका, सरावातसुद्धा पुढे जाईना. इस्पितळात सगळी ताकद सर्वांत गंभीर रुग्णावर लावतात; इथे वाचू शकणाऱ्यांतला सर्वांत गंभीर आधी. ही उलटापालट अंगी बाणायला वेळ लागतो, आणि नाहीच जमली तर त्यात कमीपणा नाही.

गोव्याचा विद्यार्थी म्हणून आपल्याला एक सोय आहे: तासा-दोन तासांत कुठलाही धोका बघून परत येता येतं. २००९ चा काणकोणचा ढगफुटीसारखा पाऊस, मार्च २०२३ मधले म्हादई अभयारण्यातले वणवे आणि त्यांवर पाणी ओतणारी नौदलाची हेलिकॉप्टरं, डिसेंबर २०२५ मधली हडफडेच्या नाइट क्लबची २५ बळींची आग. मे २०२५ च्या शिरगावच्या जत्रेतली चेंगराचेंगरी तर आमच्याकडच्या प्रत्येक घराला लागलेली गोष्ट. गर्दीत बहुतेक माणसं तुडवली जाऊन नाही, उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन गुदमरतात. चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की गर्दी आपल्या मर्जीने हलत नाही; त्यात उतार आणि अरुंद वाट असली की संपलंच.

प्रकल्पासाठी मी तिळारी घेतलं होतं. धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि पाणी येतं गोव्यातल्या इब्रामपूर, साळ, कोलवाळकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये ही गावं पाण्याखाली गेली होती. पाणी सोडल्याचा निरोप दोन राज्यांच्या किती टेबलांवरून फिरून गावात पोचतो, ते मांडायचं होतं. साळला एका आजीने मला सरळ सांगितलं, "बाय, फोन येतो तेव्हा आमची गुरं सोडून झालेली असतात." त्यांचं लक्ष पाण्याच्या रंगावर आणि वाहून येणाऱ्या पाचोळ्यावर. माझ्या अहवालातलं सर्वांत कामाचं पान तेच ठरलं. क्षेत्रभेटीत अधिकाऱ्यांच्या आधी अशा माणसांना गाठा.

आता पोटापाण्याचं. सरकारी कायम जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. जिल्हा प्राधिकरणात घेतात ते बहुधा कंत्राटी. कारखान्यांत बरं आहे. घातक रसायनं ठराविक प्रमाणापेक्षा जास्त साठवणाऱ्यांना १९८९ च्या नियमांनुसार आवाराच्या आतली आपत्कालीन योजना ठेवावी लागते आणि दर सहा महिन्यांनी तिचा सराव घ्यावा लागतो. विमानतळावर दोन वर्षांतून एकदा पूर्ण सराव असतो. बंदर, मोठी इस्पितळं, हॉटेलं यांनाही माणसं लागतात. पण नुसत्या या पदवीवर कुणी उभं करत नाही. खाली एखादा पक्का विषय हवा. परिचर्या, भूगोल, सिव्हिल, रसायन, समाजकार्य, काहीही. म्हणून मी तरी बारावीनंतर लगेच हे घेऊ नका म्हणते. नोकरी सांभाळून इग्नूचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. पूर्णवेळ शिकायचं असेल तर मुंबईला टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे.

आणि अभ्यासक्रमात नसलेल्या दोन गोष्टी शिकून ठेवा. एक क्यूजीआयएस, हे संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि मुलाखतीत हमखास विचारतात. दुसरं हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचाचा परवाना; मोबाइल बंद पडला तरी त्यावरून बोलता येतं. तौक्ते वादळात कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही जन्मभर पुरत नाहीत. परवान्याच्या खालच्या श्रेणीच्या परीक्षेला मोर्सची कट्ट-कडकट्ट लिपी लागत नाही, शाळकरी मुलंही ती देतात.