थायलंडमध्ये घर घेताना

फुकेत किंवा पट्टायात घर घेण्याचा विचार असेल, तर पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: तेथील कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला सर्वसाधारणपणे जमिनीची मालकी मिळत नाही. कॉन्डोमिनियममधील (स्वतंत्र मालकीच्या सदनिका असलेल्या इमारतीतील) सदनिका मात्र स्वतःच्या नावावर घेता येते. परंतु संपूर्ण प्रकल्पातील सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा परदेशी मालकीचा असू शकत नसल्यामुळे, या मर्यादेत अजून जागा शिल्लक आहे का, याचे लेखी पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाकडून आधी घ्यावे.

बंगल्याच्या बाबतीत दलाल हमखास एक मार्ग सुचवतात, तो म्हणजे नावापुरते थाई भागधारक दाखवून कंपनी काढण्याचा. हा मार्ग बेकायदेशीर आहे आणि उघडकीस आल्यास जमीन विकावी लागते, शिवाय शिक्षाही होऊ शकते. म्हणून कितीही आग्रह झाला तरी तो स्वीकारू नये. जमीन भाडेपट्ट्याने घेता येते, पण असा भाडेपट्टा एका वेळी जास्तीत जास्त ३० वर्षांचा असतो, आणि पुढील नूतनीकरणाच्या आश्वासनावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

सदनिकेची रक्कम परकीय चलनात थायलंडमध्ये पाठवून बँकेचा दाखला जपून ठेवावा, कारण नोंदणीच्या वेळी भूमी कार्यालय तो मागते. वकील विक्रेत्याने सुचवलेला नसावा.