गॉब्लिन कोळ्याचा जीनस ठरवताना या चुका टाळा

इंदुरात कोळ्यांचे फोटो काढणारी आपली मराठी मुलं-मुली आता बरीच दिसतात, याचं फार बरं वाटतं. पण पालापाचोळ्यात एक ते तीन मिलिमीटरचा नारिंगी कोळी सापडला, की फोटोखाली थेट जीनसचं, म्हणजे कुळाच्या आतल्या जवळच्या जातींच्या गटाचं, नाव टाकायची घाई होते. ऊनोपिडी कुळातल्या या गॉब्लिन कोळ्यांच्या बाबतीत ही घाई हमखास नडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिलखत बघून नाव ठरवणं. यांच्यातल्या पुष्कळांच्या पोटावर वरून-खालून कडक ढाली असतात, काहींचं पोट मऊच असतं. फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमों यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच फरकावर कुळाचे दोन गट पाडले आणि पुढे कितीतरी वर्षं तीच वाटणी चालली. २०१२ साली नॉर्मन प्लॅटनिक आणि सहकाऱ्यांनी पायाच्या टोकावरचं टार्सल ऑर्गन हे ज्ञानेंद्रिय इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलं, तेव्हा कुळातली नाती वेगळीच निघाली. ढालीवरून ती कळत नाहीत.

मग बघायचं काय, तर नराचा पॅल्प, म्हणजे तोंडाजवळचा पायासारखा छोटा अवयव. कोळी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली कुशीवर ठेवा. ओपोपिया या जीनसच्या नरात पॅल्पचा पटेला हा भाग चांगलाच फुगलेला असतो. इश्नोथायरियस जीनसच्या नराचे पॅल्प गडद, काळपट असतात, अंग फिकट असलं तरी. ऑर्केस्टिना हा जीनस तेवढा साध्या फोटोतही ओळखू येतो: मऊ पोट, मागच्या पायांच्या जाड मांड्या, आणि डिवचलं की उडी.

मादी एकटीच मिळाली तर कुळावर थांबा. तिचे जननावयव आत असतात, विच्छेदनाशिवाय दिसत नाहीत. पिल्लांच्या ढाली पक्क्या झालेल्या नसतात, तेव्हा त्यांनाही नाव देऊ नका. चिठ्ठीवर ‘ऊनोपिडी, मादी’ एवढंच लिहिलं तरी ती नोंद खरी असते. चुकीचा जीनस मात्र याद्यांमधून पुढे पुढे जात राहतो.

डोळे नीट मोजा. गॉब्लिन कोळ्यांना बहुधा सहा असतात, एकमेकांना चिकटून. चारच दिसले आणि अंगावर ढाली असल्या, तर तो टेट्राब्लेमा असू शकतो, म्हणजे कुळच वेगळं. आणि कंबरच दिसत नसेल तर तो कोळी नाही, माइट (गोचिडीच्या नात्यातला बारीक जीव) आहे.

जुन्या यादीतलं नाव जसंच्या तसं उचलू नका. ब्रिग्नोलिया हा जीनस १९८३ मध्ये क्युबातल्या कोळ्यावरून मांडला गेला. २०११ च्या फेरतपासणीत दुसऱ्या जीनसमधल्या जाती त्यात आल्या, भारत-श्रीलंकेकडच्याही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून चालणारी, कोळ्यांच्या नावांची ऑनलाइन यादी, वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग, फुकट आहे, आजचं नाव तिथे मिळतं.

नमुना ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आतच टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि ठिकाण-तारीख गेली की नमुन्याला अर्थ राहत नाही. इंदूरजवळचं रालामंडल हे अभयारण्य आहे, तिथला पाचोळा वनविभागाच्या परवानगीशिवाय उचलू नका. आपल्या परसातल्या सीताफळाखालचा ओलसर पाचोळा चाळणीने पांढऱ्या ट्रेमध्ये चाळा आणि जरा थांबा. हलायला लागले की दिसतात.