सेव्होफ्लुरेन आणि फेंटॅनिल यांची सांगड घालून भूल देताना

परळ किंवा शीव येथील महापालिका रुग्णालयात भूलशास्त्राचे प्रशिक्षण नुकतेच सुरू केलेल्या निवासी डॉक्टरांनी हे आधी समजून घ्यावे की श्वासावाटे दिलेले औषध (येथे सेव्होफ्लुरेन) रुग्णाला बेशुद्ध ठेवते, ओपिऑइड म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामक (येथे फेंटॅनिल) मुख्यतः वेदनेला मिळणारा शरीराचा प्रतिसाद दाबते, आणि दोन्ही एकत्र दिल्यास प्रत्येकाची मात्रा कमी लागते.

सेव्होफ्लुरेनचा मॅक, म्हणजे चिरा दिल्यावर निम्मे रुग्ण हालचाल करत नाहीत असे फुप्फुसातील किमान प्रमाण, चाळिशीच्या रुग्णात सुमारे 2 टक्के असतो व पुढे दर दशकाला साधारण 6 टक्क्यांनी घटतो. म्हणून सेव्होफ्लुरेनचे प्रमाण ठरवणारा डायल फिरवण्यापूर्वी केसपेपरवरचे वय पाहावे. फेंटॅनिल किलोमागे 1 ते 2 मायक्रोग्रॅम, लॅरिंगोस्कोपीच्या (श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी घसा उपकरणाने पाहण्याच्या) 3 ते 5 मिनिटे आधी द्यावे. घाई केल्यास नळी घालताना त्याचा असर पुरता आलेला नसतो आणि नाडी व रक्तदाब उसळतात. वृद्ध रुग्णात मात्रा कमीच ठेवावी.

फेंटॅनिल वाढवत नेऊन सेव्होफ्लुरेन जवळजवळ बंद करणे मात्र मला अत्यंत धोक्याचे वाटते. ओपिऑइडमुळे मॅक एका मर्यादेपर्यंतच घटतो, आणि मॉनिटरवर सारे शांत दिसत असतानाही स्नायू शिथिल केलेला रुग्ण जागा असू शकतो, ज्याला हात हलवून ते सांगताही येत नाही. म्हणून डायलवर न विसंबता उच्छ्वासातील सेव्होफ्लुरेनचे प्रमाण पाहावे आणि ते वयानुरूप मॅकच्या 0.7 पटीखाली जाऊ देऊ नये.

ओपिऑइडमुळे श्वास मंदावू शकतो, म्हणून रिकव्हरीत श्वसनगती स्वतः मोजावी. ओपिऑइडचा असर उलटवणारे नॅलोक्सोन हाताशी असावे, परंतु त्याचा असर ओपिऑइडच्या आधी ओसरू शकतो, त्यामुळे ते दिल्यानंतरही रुग्णाजवळून हलू नये.