इंग्रजी क्रियापदापुढे कोणतं प्रिपोझिशन? इंदूरच्या मराठी मुलांसाठी

इंदूरच्या मराठी मुलाच्या डोक्यात दोन भाषांचे प्रत्यय एकाच वेळी चालू असतात. घरात ‘त्याला विचार’, गल्लीत ‘उससे पूछ’. इंग्रजी लिहायला बसलं की यातला ‘से’ पुढे सरकतो आणि वहीत उतरतं ‘आस्क फ्रॉम हिम’. इथे खरं तर घरची मराठीच बरोबर होती: ‘आस्क हिम’, मधे काही नाही. पण मराठीवरही डोळे मिटून विसंबू नका. ‘त्याच्याशी लग्न’ यातल्या ‘शी’मुळे ‘मॅरी विथ हिम’ लिहिलं जातं. बरोबर आहे ‘मॅरी हिम’. ‘गेट मॅरीड’ म्हणायचं असेल तर मात्र ‘टू’ लागतो. तेव्हा आपला प्रत्यय इंग्रजीत नेऊ नका, त्या क्रियापदाला काय लागतं ते बघा.

आधी हे ठरवा की प्रिपोझिशन, म्हणजे ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’सारखा जोडणारा शब्द, लागतं तरी का. डिस्कस, एंटर, रीच, ऑर्डर, रिक्वेस्ट, एम्फसाइज या क्रियापदांना कर्म थेट जोडलं जातं. ‘सरवटे बस स्टँडवर पोहोचलो’ म्हणजे ‘रीच्ड सरवटे बस स्टँड’. ना ‘टू’, ना ‘ॲट’. तेच ‘अराइव्ह’ने सांगायचं तर स्टँडसारख्या ठिकाणाला ‘ॲट’, इंदूरसारख्या शहराला ‘इन’. ‘अराइव्ह टू’ कधीच नाही.

मग ‘डिस्कस अबाउट’ येतं कुठून? एक कारण आपलं ‘च्याबद्दल चर्चा’. दुसरं कारण इंग्रजीतच आहे आणि त्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही: त्याच शब्दाचं नाम. ‘डिस्कशन अबाउट’, ‘एम्फसिस ऑन’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘ऑर्डर फॉर’ हे सगळं बरोबर आहे, आणि नामाचं हे शेपूट क्रियापदाला चिकटतं. सुट्टीच्या अर्जात ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चूक. ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’ बरोबर, आणि ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ही बरोबर. छप्पन दुकानवर ‘वी ऑर्डर्ड पोहा’, पण ‘अवर ऑर्डर फॉर पोहा’. लिहिताना तेवढं एकदा तपासा: इथे हा शब्द नाम आहे की क्रियापद?

उलट्या बाजूची चूकही तितकीच होते. मराठीत ‘गाणं ऐक’ला प्रत्यय नाही, म्हणून ‘लिसन म्युझिक’. हवं ‘लिसन टू म्युझिक’. ‘बसची वाट पाहतोय’ला ‘वेट फॉर द बस’. ‘मला समजव’चं ‘एक्सप्लेन मी’ होत नाही. समजवायची गोष्ट आधी, माणूस नंतर: ‘एक्सप्लेन धिस टू मी’. आणि ‘पेक्षा’ दिसला की लगेच ‘दॅन’ लिहू नका: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’.

कधी दोन्ही रूपं बरोबर असतात आणि अर्थ बदलतो. ‘सर्च द बॅग’ म्हणजे पिशवी समोर आहे, आत काहीतरी शोधताय. ‘सर्च फॉर द बॅग’ म्हणजे पिशवीच सापडत नाही. ‘लुक’चंही असंच: ‘ॲट’ लावलं तर पाहणं, ‘फॉर’ म्हणजे शोधणं, ‘आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘इंटू’ म्हणजे चौकशी करणं. ‘ॲग्री’ माणसाशी ‘विथ’ने, प्रस्तावाला ‘टू’ने.

स्पर्धा परीक्षेत हमखास चुकणारी जागा म्हणजे ‘लुक फॉरवर्ड टू’. पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’? ‘टू’नंतर एक नाम ठेवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ चालतं, म्हणजे हा ‘टू’ प्रिपोझिशन आहे. पुढचं क्रियापद ‘आयएनजी’ घेणार: ‘मीटिंग’. ‘वॉन्ट टू दिवाळी’ चालत नाही, म्हणून ‘वॉन्ट टू मीट’. ‘टू’सोडून दुसरं कोणतंही प्रिपोझिशन असेल तर ही चाचणीही नको: ‘इन्सिस्ट ऑन गोइंग’.

वहीत सुटा शब्द लिहू नका. ‘डिपेंड = अवलंबून असणे’ अशा नोंदीचा उपयोग नाही. ‘डिपेंड ऑन द रेन’ असं कर्मासकट लिहा आणि प्रिपोझिशनखाली रेघ ओढा. प्रिपोझिशन लागत नसेल तर तिथे फुली मारा: ‘डिस्कस × द प्लॅन’. शंका आली तर लर्नर्स डिक्शनरीत (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात) अर्थावर थांबू नका, खालची उदाहरणं वाचा. प्रिपोझिशन तिथे सापडतं. शेवटी लांब वाक्यं पुन्हा तपासा, कारण कर्म पुढे गेलं की प्रिपोझिशन गळतं: ‘द बस आय वॉज वेटिंग’ अर्धवट आहे, ‘द बस आय वॉज वेटिंग फॉर’ पूर्ण.