यादीतून एकच तालुका का येत होता

खानापूर भागातल्या आमच्या वाचनालयाच्या फॉर्मवर ‘पुस्तकपेटी कुठे हवी?’ अशी यादी आहे: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. कुणी चारही निवडले तरी नोंदीत यायचं फक्त चिकोडी. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं, तर चारही नावं व्यवस्थित जात होती. गळती पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर फॉर्म वाचणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत होती. एकाच नावाने अनेक व्हॅल्यू आल्या की पीएचपी फक्त शेवटची ठेवतं. या यादीच्या एचटीएमएल टॅगच्या (सिलेक्टच्या) नेममध्ये ‘तालुके’पुढे रिकामा चौकोनी कंस जोडला, ‘तालुके[]’, आणि पोस्टमध्ये, म्हणजे पीएचपीला मिळणाऱ्या फॉर्मच्या माहितीत, सरळ अ‍ॅरे (सगळ्या व्हॅल्यूंची यादी) मिळाला.

मात्र काहीच निवडलं नाही, तर ब्राउझर ते नाव पाठवतच नाही. म्हणून पीएचपी ७ पासून असलेलं दुहेरी प्रश्नचिन्ह (??, म्हणजे व्हॅल्यू नसेल तर पुढे दिलेली घ्या) वापरून तिथे रिकामा अ‍ॅरे घ्या. आलेलं प्रत्येक नाव आपल्या यादीशी ताडूनच साठवा, कारण फॉर्ममधली व्हॅल्यू कुणीही बदलून पाठवू शकतो. आणि कृपा करून सगळं स्वल्पविरामाने जोडून एका रकान्यात कोंबू नका! प्रत्येक निवडीची वेगळी ओळ असली की निपाणीत पेटी कुणाकुणाला हवी, हे एका साध्या क्वेरीत कळतं.

कंट्रोल दाबून निवडणं आमच्या ज्येष्ठ वाचकांना जड जायचं, म्हणून आता चेकबॉक्स लावलेत. नेम तेच, सर्व्हरचा कोडही तोच.